मुद्राचित्राची संख्या आणि मुद्राचित्राचे मोल

मुद्राचित्र ही मुळातच अनेक प्रतींची कला होय. लाकडाचा ठसा, तांब्याची पाटी, शिळा किंवा रेशमी जाळी यांपैकी कोणतेही माध्यम घेतले, तरी एका हाताने घडविलेले चित्र अनेकांच्या हाती जावे, हीच प्रेरणा त्याच्या मुळाशी दिसते. अशा कलेच्या प्रती मुद्दाम मोजक्या काढावयाच्या आणि त्या मोजकेपणावरच तिची किंमत ठरवावयाची, ही प्रथा आज जगभर रूढ झाली आहे. तिच्यात कलेचा विचार किती आणि व्यापाराचा किती, हे येथे तपासून पाहावयाचे आहे.

प्रथेचे स्वरूप असे. चित्राखाली डाव्या बाजूस शिसपेन्सिलीने १५/१०० असा आकडा लिहिलेला असतो आणि उजव्या बाजूस कलावंताची स्वाक्षरी असते. शंभर प्रतींपैकी ही पंधरावी, असा त्याचा अर्थ. कलावंताने स्वतःसाठी राखून ठेवलेल्या काही प्रती या संख्येबाहेर असतात. छपाई पुरी झाल्यावर पाटीवर आडवी रेघ ओढून ती रद्द करावी, असाही संकेत आहे.

या मर्यादेला आरंभी तांत्रिक आधार होता, हे मान्य केले पाहिजे. तांब्यावर सुईने थेट कोरताना रेषेच्या कडेला धातूचा बारीक कंगोरा उचलला जातो आणि त्यामुळे छापात मखमली काळेपणा उतरतो. हा कंगोरा थोड्याच छापांत झिजतो. म्हणून पहिला छाप आणि पुढचा छाप यांत डोळ्यांना दिसणारा भेद असतो. गोयाची युद्धाच्या अनर्थांवरील चित्रमालिका त्याच्या मृत्यूनंतर ३५ वर्षांनी, १८६३ साली, प्रथम प्रसिद्ध झाली आणि त्याच पाट्यांवरून पुढेही आवृत्त्या निघत राहिल्या. तेथे कोणता छाप कोणत्या आवृत्तीतील, हा प्रश्न खरोखर कलेचा प्रश्न आहे.

परंतु शिळाछापात किंवा जाळीच्या छपाईत झीज इतकी लवकर होत नाही आणि संगणकीय छपाईत तर ती होतच नाही. तेथे चित्राखालचा आकडा माध्यमाची मर्यादा सांगत नाही, तो विक्रेत्याचा निर्णय सांगतो. ब्रिटिश कलावंत डेमियन हर्स्ट यांची 'द व्हर्च्यूज' ही २०२१ सालची मालिका या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. चेरीच्या बहराची आठ चित्रे आणि त्यांना जपानी योद्ध्यांच्या आचारसंहितेतील न्याय, दया, विनय, संयम इत्यादी आठ सद्गुणांची नावे. प्रत्येक प्रतीची किंमत ३,००० डॉलर. विक्री सहा दिवस खुली राहिली आणि जितकी मागणी आली तितक्याच प्रती काढण्यात आल्या. ७,४८१ प्रती विकल्या गेल्या, म्हणजे सुमारे २ कोटी २४ लक्ष डॉलर जमा झाले. येथे मर्यादा प्रतींना नव्हती, ती दिवसांना होती. अशा चित्रावरील क्रमांक दुर्मिळता दाखवीत नाही. किती जणांनी घाई केली, एवढीच ती नोंद होय.

स्वाक्षरीचीही गत निराळी नाही. १९७४ साली फ्रेंच जकात अधिकाऱ्यांनी एक मालमोटार अडविली, तेव्हा तीत साल्वादोर दाली यांची स्वाक्षरी असलेले ४०,००० कोरे कागद आढळले. चित्र अजून छापलेच गेले नव्हते, पण त्याची किंमत मात्र आधीच सिद्ध झाली होती! स्वाक्षरी ही कलावंताने छाप पाहून दिलेली ग्वाही असावयास हवी. पाहण्यापूर्वीच दिलेल्या ग्वाहीस आम्ही ग्वाही म्हणू शकत नाही.

यावर असे म्हटले जाईल की, मर्यादित आवृत्तीमुळेच कलावंताची उपजीविका चालते. हा युक्तिवाद आम्हांस अमान्य नाही. स्वतः पाटी कोरून, स्वतः शाई भरून पन्नास छाप काढणाऱ्या कलावंताने ती संख्या प्रामाणिकपणे जाहीर करावी आणि आपल्या श्रमाचे मोल घ्यावे, यात गैर काहीच नाही. आमचा आक्षेप संख्येला नाही. चित्र पाहण्याच्या जागी संख्या वाचली जाते, याला आहे.

दुर्मिळता काळही घडवितो. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला व पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथील रंगीत छापांवर आवृत्तीची मर्यादा नव्हती. ते घरोघरी लागले, धुराने काळवंडले, दमटपणाने कुजले. म्हणूनच आज त्यांतील चांगल्या स्थितीतील प्रती संग्राहक शोधत असतात.

आणखी मागे गेल्यास इ. स. ८६८ ची वज्रच्छेदिका भेटते. तुन-हुआंग येथील गुंफेत सापडलेला आणि आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असलेला हा चिनी ग्रंथ सालाची नोंद असलेल्या, उपलब्ध संपूर्ण मुद्रित ग्रंथांत सर्वांत प्राचीन मानला जातो. त्याच्या आरंभी सुभूतीस उपदेश करणाऱ्या बुद्धांचे लाकूडठशाचे चित्र आहे. अखेरीस छापविणाऱ्याने, वांग चिए याने, आईवडिलांच्या नावे सर्वत्र विनामूल्य वाटण्यासाठी हा ग्रंथ करविल्याची नोंद केली आहे. प्रत किती जणांपर्यंत पोहोचली यात त्याने पुण्य मानले. किती जणांना ती मिळू शकली नाही, यात नव्हे.

आमच्या वाचकांपैकी ज्यांना मुद्राचित्र घ्यावयाचे असेल, त्यांनी आधी छाप पाहावा. रेषा भरीव उतरली आहे काय, कागद कोणता, कडा कापल्या आहेत काय, उन्हाचे व ओलीचे डाग आहेत काय, हे तपासावे. राखीव प्रती किती आणि पाटी रद्द झाली काय, हे विक्रेत्यास स्पष्ट विचारावे. आकडा व स्वाक्षरी यांचा विचार त्यानंतर करावा. आपल्या घरांतील बाबासाहेबांच्या छापील चित्रावर कोणताही क्रमांक नसतो. म्हणून त्याचे मोल उणे आहे असे कोणी म्हणणार नाही. बाजारभाव आणि मोल या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि समीक्षेचे काम दुसरीशी आहे.