तबकडी की स्ट्रीमिंग? : ख्याल-श्रवणाच्या माध्यमांची एक चिकित्सा

प्रास्ताविक

घरातील ध्वनिव्यवस्थेसाठी व्हिनाइलची तबकडी निवडावी की स्ट्रीमिंगची डिजिटल सेवा घ्यावी, हा प्रश्न वरवर पाहता ग्राहकाच्या ऐपतीचा आणि हौसेचा वाटतो. परंतु श्रोता ख्यालगायनाचा असेल, तर त्याला सांस्कृतिक आशय प्राप्त होतो. ध्वनिमुद्रणाच्या माध्यमाने ख्यालाचा अवधी, त्याची मांडणी आणि त्याची स्मृती या तिन्हींवर आपला ठसा उमटविला आहे. महाविद्यालयांच्या संगीत विभागांत आणि ग्रंथालयांत साठलेल्या तबकड्या जपाव्यात की मोडीत काढाव्यात, हा निर्णयही याच प्रश्नाशी निगडित आहे. प्रस्तुत लेखात तबकडीचे गौरवीकरण आणि स्ट्रीमिंगची सर्वसमावेशकता या दोन्ही दाव्यांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

माध्यम आणि गायनाचा अवधी

१९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग यांनी कोलकात्यात गौहरजान यांचे गायन मुद्रित केले. त्या काळातील तबकडी लाखेची होती आणि पुढे ७८ फेऱ्यांची तबकडी म्हणून हा प्रकार ओळखला गेला. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गायन मावत असे. तासभर चालणारा ख्याल एवढ्या अवधीत बसविताना गायकांनी विस्ताराऐवजी सारांशाची वाट धरली. ही केवळ तडजोड नव्हती. गोमंतकात जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरील सुवर्ण तबकडीत समाविष्ट झाली. तिचा अवधी साडेतीन मिनिटांच्या आसपास आहे. मर्यादेतूनही कलात्मक पूर्णत्व साधता येते, याचे हे ठळक उदाहरण म्हणता येईल.

१९४८ मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी व्हिनाइलची दीर्घवादन तबकडी, म्हणजे एलपी, बाजारात आणली. एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. उस्ताद अमीर खाँ यांच्या प्रसिद्ध एलपीत एका बाजूस मारवा आणि दुसऱ्या बाजूस दरबारी आहे. एक राग, एक बाजू हा घाट माध्यमाने दिला आणि अतिविलंबित बढतीला त्यामुळे प्रथमच घरात प्रवेश मिळाला. थिओडोर अडोर्नो यांनी १९६९ मध्ये ऑपेराच्या संदर्भात एलपीचे स्वागत केले होते. रंगमंचावरील दृश्यापासून मुक्त होऊन संगीतावर चित्त एकाग्र करण्याची सोय त्यांना तीत दिसली. ख्यालाच्या बाबतीतही हे निरीक्षण बरेचसे लागू पडते.

'अस्सल आवाजा'चा दावा

तबकडीचे पुरस्कर्ते तिच्या आवाजाला अधिक 'उबदार' आणि 'अस्सल' मानतात. हा दावा तपासून घ्यायला हवा. एलपी-युगातील बहुतेक गायन प्रथम चुंबकीय फितीवर मुद्रित होत असे. तबकडी ही त्या फितीची एक प्रत आणि डिजिटल ध्वनी ही दुसरी प्रत. म्हणजे तुलना मूळ आणि नक्कल यांच्यात नसून दोन नकलांमध्ये आहे.

शिवाय तबकडीचे काही दोष ख्यालाच्या दृष्टीने विशेष अडचणीचे आहेत. बारा इंची एलपी समान फेऱ्यांनी फिरते; त्यामुळे बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, तर आतल्या कडेला जेमतेम २१ सेंटिमीटर. तेवढाच ध्वनी कमी जागेत कोंबला जातो आणि तार स्वरांची स्पष्टता घटते. ख्यालाची रचना मात्र नेमकी उलट दिशेने जाते. आरंभी संथ आलाप, अखेरीस द्रुत लय आणि तानांची बरसात. म्हणजे गायन जेथे सर्वाधिक गतिमान होते, तेथे तबकडी सर्वाधिक दुबळी असते. मधले छिद्र किंचित जरी सरकलेले असेल, तरी दर १.८ सेकंदांनी, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला, स्वर हलतो. पाश्चात्य वाद्यवृंदाच्या गदारोळात असा दोष झाकला जाऊ शकतो. तंबोऱ्याच्या अखंड षड्जावर तो उघडा पडतो.

१९८२ मध्ये आलेल्या सीडीने हे दोन्ही दोष दूर केले. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि १६ बिट या तिच्या प्रमाणात मंद आणि तीव्र ध्वनींमधील अंतर तबकडीपेक्षा कितीतरी अधिक राखता येते. स्ट्रीमिंगच्या काही सेवा आज याच दर्जाचा किंवा त्याहून वरचा ध्वनी देतात. तेव्हा केवळ ध्वनिशास्त्राच्या निकषावर तबकडीचा दावा टिकत नाही.

स्ट्रीमिंगची उणीव

तथापि ध्वनिशास्त्र हा एकमेव निकष नव्हे. एलपीच्या वेष्टनावर राग, ताल, बंदिश, साथीदार आणि पुष्कळदा जाणकाराचे टिपण छापलेले असे. तबला कोणाचा, संवादिनी कोणाची, हे श्रोत्याला कळत असे. स्ट्रीमिंगमध्ये ही माहिती बहुधा गायकाचे नाव आणि रागाचे नाव एवढ्यावर आटोपते. साथीदार अदृश्य होतो, तसेच मुद्रणाचे वर्षही. जुन्या मुद्रणाचे वर्ष म्हणून पुनःप्रकाशनाचे वर्ष दिसते, तेव्हा अभ्यासकाची फसगतच होते. घराण्यांच्या शैलींचा कालक्रम लावू पाहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ही लहान बाब नाही.

दुसरी उणीव मालकीची आहे. विकत घेतलेली तबकडी घरातच राहते. स्ट्रीमिंगमध्ये श्रोता भाडेकरू असतो. वर्गणी थांबली किंवा सेवा व कंपनी यांतील करार संपला, की ते गायन हाती राहत नाही. वॉल्टर बेंजामिन यांनी १९३६ मधील आपल्या निबंधात यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीचे तेजोवलय लोपते असे मांडले होते. आज काळाचा विरोधाभास असा, की ज्या तबकडीने ते वलय हिरावले, तिच्याभोवतीच आता नवे वलय उभे राहिले आहे. त्यात स्मरणरंजनाचा भाग मोठा असला, तरी वस्तू आपल्या ताब्यात असण्याची गरज मात्र खरी आहे.

निवडीचा विवेक

या विवेचनातून माध्यमाची निवड यंत्रावरून न करता संग्रहावरून करावी, असे सुचवावेसे वाटते. लाखेच्या तबकड्या झिजतात आणि फुटतात. त्या काळजीपूर्वक केलेल्या डिजिटल प्रतीतूनच ऐकणे श्रेयस्कर, मात्र खरखर काढताना आवाजाचा कसही पुसला जाऊ नये. एलपी-युगातील गायनासाठी सुस्थितीतील मूळ तबकडी मिळाल्यास ती वेष्टनासह जपावी. डिजिटल पद्धतीने मुद्रित झालेले आजचे गायन पुन्हा व्हिनाइलवर घेण्याने ध्वनीच्या दृष्टीने फारसे साधत नाही. पूर्ण लांबीच्या मैफलींसाठी तर डिजिटल माध्यमच योग्य, कारण तेथे बाजू उलटण्यासाठी राग तोडावा लागत नाही.

समारोप

मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थेने संग्राहकांच्या खासगी छंदाला संशोधनाची बैठक दिली. महाविद्यालयांना हा मार्ग अनुसरता येण्याजोगा आहे. तबकडीवरील ध्वनीची प्रत करून वेष्टनावरील मजकुराची नोंद न करणे म्हणजे अर्धेच जतन होय. तबकड्या रद्दीत जाण्यापूर्वी निदान त्यांची सूची व्हावी. यंत्राचा वाद ग्राहकाने मिटवावा. परंतु कोणी गायले, कोणी साथ केली आणि केव्हा, या नोंदीची जबाबदारी अध्यापकवर्गाला टाळता येणार नाही.