सोर्स म्हणजे नक्की काय?

मागच्या व्याख्यानात आपण स्पीकर आणि खोली यांच्यातच अडकलो होतो. आज साखळीचं दुसरं टोक, डिजिटल सोर्स. म्हणजे सीडी प्लेअर, स्ट्रीमर आणि आकड्यांचं विजेच्या लहरीत रूपांतर करणारा डॅक. यातलं काय घ्यावं, हे आम्हाला सारखं विचारलं जातं. पण त्याआधी या पेट्यांवर जी परीक्षणं लिहिली जातात, त्यांचंच थोडं परीक्षण करू.

कुठलंही उघडा. नव्या डॅकने संगीतावरचा पडदा दूर केला, असं काहीतरी सापडणारच. 1982 साली सीडी बाजारात आली, तेव्हापासून दर मोसमात एक पडदा दूर होतोय. एवढे पडदे होते तरी कुठे? (हशा) आमची तक्रार उपमांबद्दल नाही. गाण्याबद्दल लिहितानाही माणूस उपमांकडे वळतोच. तक्रार ही, की लिहिणाऱ्याने दोन पेट्या कशा ताडून पाहिल्या, हे त्या लेखात बहुधा नसतंच.

त्याने काय बिघडतं? सीडी प्लेअरच्या लाइन आउटपुटमधून कमाल पातळीला साधारण 2 व्होल्ट मिळतात. मोबाइलला लावायच्या छोट्या डॅकमधून बऱ्याचदा 1 व्होल्टच. म्हणजे 6 डेसिबलचा फरक. दुकानदार अॅम्प्लिफायरचं बटण न हलवता एकदा हे, एकदा ते लावतो आणि आपण म्हणतो, वा, मोठ्या पेटीत काय भरीवपणा आहे! बरं, 6 डेसिबल तर कुणालाही कळतील. खरा घोटाळा अर्ध्या-एक डेसिबलचा. तेवढा फरक कानाला 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो.

आम्ही हे घरी करून पाहिलं. एकच स्थिर सूर वाजवून स्पीकरच्या टोकांशी व्होल्टेज जुळवलं, पेट्यांवर चादर टाकली, आणि एकाने नाणं उडवून अदलाबदल करायची असं ठरलं. एका बाजूला जुना, वजनदार प्लेअर. दुसरीकडे खिशात मावणारा डॅक. मल्लिकार्जुन मन्सूरांचं एकच ध्वनिमुद्रण, त्यातला एकच तुकडा. पातळी जुळवण्याआधी आम्ही सगळे प्लेअरच्या बाजूने होतो. जुळवल्यावर वीस फेऱ्यांत अकरा उत्तरं बरोबर आली. नाण्याने काही न ऐकता जवळपास तेवढीच दिली असती.

वीस फेऱ्या हा काही पुरावा नव्हे, मान्य. पण 2007 साली मेयर आणि मोरन या दोघा अमेरिकी अभ्यासकांनी हेच मोठ्या प्रमाणावर केलं. एसएसीडीसारख्या उच्च दर्जाच्या तबकड्यांचा आवाज मधूनच सीडीच्या 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झच्या चाळणीतून काढला. 554 फेऱ्या झाल्या, आणि बरोबर उत्तरं निम्म्याच्या आसपास. त्यांच्या काही तबकड्यांचं मूळ ध्वनिमुद्रणच तितकं उच्च दर्जाचं नव्हतं, असा आक्षेप नंतर घेतला गेला. तो रास्त आहे. पण तो आक्षेपही आपल्याला पेटीकडून ध्वनिमुद्रणाकडेच नेतो, नाही का?

आणि आपल्यासारख्या श्रोत्यांचं खरं दुखणं तिथेच आहे. अब्दुल करीम खाँसाहेब 1937 साली गेले. त्यांचं जे गाणं उरलंय, ते 78च्या तबकड्यांवर. त्या काळच्या सगळ्याच तबकड्या काही बरोबर 78 फेऱ्यांना कापलेल्या नसत. 74ला कापलेली तबकडी डिजिटल करताना 78ला वाजवली, की सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. काळी चारचा षड्ज पांढरी सहाच्या जवळ जाऊन बसतो. लय वाढते, आवाज पातळ होतो. अशी फाइल तुम्ही लाख रुपयांच्या डॅकमधून वाजवा, तो ती चूक इमानेइतबारे वाजवेल. यावर परीक्षणात ओळ नसते. कुणी हे गाणं तबकडीवरून उतरवलं, कुठल्या वेगाने उतरवलं, खरखर काढताना आवाजाचा कणही खरवडला का, हे आधी विचारायला हवं.

दोष फक्त इतरांचा नाही. वीसेक वर्षांपूर्वी हार्ड डिस्क लहान होत्या, तेव्हा आम्ही दोनशेच्या वर सीडी 128च्या एमपी3 करून ठेवल्या आणि तबकड्या वाटून टाकल्या. सीडीवर सेकंदाला 1,411 किलोबिट असतात. आम्ही त्यातला अकरावा हिस्सा ठेवला. गाणं ओळखू येतं हो, पण तंबोऱ्याच्या जवारीचं ते वरचं झणझणणं पाण्यात भिजल्यासारखं झालंय. त्यातल्या काही सीडी आता कुठेच मिळत नाहीत. त्या दिवसांत आमच्यात चर्चा कशावर चालायची ठाऊक आहे? कुठली केबल घ्यावी यावर!

तेव्हा डॅकबद्दल आमचं मत थोडक्यात सांगतो. नीट बनवलेला, खरखर न करणारा, साधा यूएसबीवर चालणारा कुठलाही घ्या. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून घूं घूं येत असेल, तर बाहेरच्या डॅकने खरोखर फरक पडतो, तो नाकारायचं कारण नाही. जुना सीडी प्लेअर चालू असेल तर मोडीत काढू नका. त्याला डिजिटल आउटपुट असलं तर तोही डॅकला जोडता येतो.

स्ट्रीमर घेताना मात्र आवाज सोडून दोन गोष्टी तपासा. आलाप आणि जोड वेगवेगळ्या फाइलींत असतील तर मधे क्षणभर शांतता पडते का? पडत असेल, तर ती पेटी आपल्या कामाची नाही. तंबोरा तोडणारं यंत्र कितीही सोन्याने मढवलेलं असो. दुसरं, त्याचं अॅप. आमच्याकडच्या एका स्ट्रीमरचं अॅप बनवणाऱ्यांनीच सोडून दिलं. आतला डॅक ठणठणीत आहे, पण त्याला काय वाजव म्हणून सांगायचं साधनच उरलं नाही. आणि जोवर ते अॅप होतं, तोवर तरी काय? राग कुठला, तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, काही नाही. विलंबित ख्यालाच्या नावापुढे फक्त 'ट्रॅक 1'.

आता ते दोन तुकडे ऐकवतो, पातळी जुळवून. एक सीडीवरून, एक आमच्या त्या एमपी3 मधून. कुठला कोणता, ते सगळ्यांचे हात वर झाल्यावर सांगू.