भोवऱ्यांचे जालक आणि ‘वितळणे’ हा शब्द

अतिसंवाहकांतील चुंबकीय भोवऱ्यांविषयी लिहिताना ‘जालक वितळले’ हा प्रयोग आता इतका रूढ झाला आहे की, त्यामागील पुरावा कोणत्या जातीचा आहे, हे विचारण्याची गरज फारशी कोणास वाटत नाही. ताम्र-ऑक्साइडांच्या बाबतीत हा प्रयोग निराधार नव्हे. १९९५ साली झेल्डोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी बिस्मथयुक्त ताम्र-ऑक्साइडाच्या स्फटिकात, सूक्ष्म हॉल संवेदकांच्या साहाय्याने, स्थानिक चुंबकीय क्षेत्रात पडणारी स्पष्ट पायरी दाखविली. पुढच्याच वर्षी शिलिंग आदींनी इट्रियमयुक्त संयुगात सुप्त उष्णता मोजली. जेथे सुप्त उष्णता मोजली गेली, तेथे वितळणे हा शब्द योजण्याचा अधिकार निर्विवाद आहे.

अडचण येते ती शिखर-परिणामाच्या संदर्भात. क्षेत्र वाढवीत गेल्यास क्रांतिक प्रवाह घटत जावा; परंतु अतिसंवाहकता नष्ट होण्याच्या किंचित आधी तो उलट वाढतो. पिपर्ड यांनी १९६९ मध्ये याचे मर्म सांगितले: जालक मऊ पडले की भोवरे स्फटिकातील दोषांना अधिक घट्ट बिलगतात. यावरून शिखर दिसताच जालक मोडले, असे अनुमान केले जाते. हे अनुमान आकर्षक खरे, पण अपुरे. ठाण्याच्या खोपट आगारातून तासाला किती गाड्या सुटल्या हे मोजून आत त्या कोणत्या रांगेने उभ्या आहेत, हे सांगता येत नाही. क्रांतिक प्रवाहाचेही तसेच आहे.

या दृष्टीने टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील कार्याचा क्रम उद्बोधक आहे. १९९८ मध्ये बॅनर्जी, रामकृष्णन, ग्रोव्हर, भट्टाचार्य आदींनी सीरियम-रूथेनियम व नायोबियम डायसेलेनाइड या दोन पदार्थांत चुंबकीय प्रतिसादाच्या मापनावरून जालक टप्प्याटप्प्याने भंगते, असे प्रतिपादन केले. त्यांनी ‘भंगणे’ म्हटले, ‘वितळणे’ नव्हे. हा संयम मला महत्त्वाचा वाटतो. २०१५ मध्ये गांगुली, रायचौधुरी आदींनी अत्यल्प कोबाल्ट मिसळलेल्या त्याच सेलेनाइडात क्रमवीक्षण टनेलन पद्धतीने भोवरे प्रत्यक्ष पाहिले. एक टेस्ला क्षेत्रात शेजारच्या भोवऱ्यांतील अंतर सुमारे ४९ नॅनोमीटर असते, हे ध्यानात घेता या दर्शनाची किंमत कळते. शिखराच्या आरंभी पाच व सात शेजारी असलेल्या भोवऱ्यांच्या जोड्या वाढतात आणि स्थानक्रम ढळतो, दिशाक्रम मात्र सर्वस्वी जात नाही. अधिक क्षेत्रात जोड्या फुटतात व जालक अस्फटिकी होते. पूर्वी तर्काने सांगितलेले टप्पे असे दृष्टीस पडले. जुने अनुमान खरे ठरले, तरी प्रत्येक टप्प्यात नेमके काय मोडते, हे त्यातून कळले नव्हते.

तरीही या निबंधाच्या वाचकांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. टनेलन सूची केवळ वरचा पृष्ठभाग पाहते. भोवरा मात्र स्फटिकाच्या जाडीतून जाणारी रेषा असतो, आणि त्या रेषा खाली कशा वाकल्या आहेत, हे चित्रात नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. तापमान व क्षेत्र कोणत्या क्रमाने बदलले, यावर अवलंबून राहणाऱ्या नाना अर्धस्थिर अवस्था लेखकांनी स्वतःच नोंदविल्या आहेत. अशा अवस्था आणि समतोल प्रावस्था एकाच आलेखावर सारख्याच ठळक रेषांनी दाखविण्याचा मोह अनेक प्रबंधांत आढळतो. लेखकांनी काळजीपूर्वक राखलेला भेद अनुयायी पुसून टाकतात.

शिवाय हा सेलेनाइड पाच-सात केल्व्हिनखाली अतिसंवाहक होतो, इट्रियमयुक्त संयुग ९२ केल्व्हिनच्या आसपास. तेथे उष्णतेने होणारे कंपन प्रबळ, थरांमधील बंध शिथिल. एकात दोषांमुळे घडणारी अव्यवस्था दुसऱ्यात उष्णतेने घडणाऱ्या वितळण्याचा पुरावा म्हणून उद्धृत करणे तर्कशुद्ध नाही. इट्रियमयुक्त संयुगात शिखर-परिणाम आढळतो हे खरे. परंतु तेथील शिखर आणि तेथील सुप्त उष्णता यांचा संबंध त्याच स्फटिकावर, त्याच क्षेत्रात तपासला गेला पाहिजे.