काळ्या नायकाचे शरीर आणि बिली ग्रॅहमची रेषा

चित्रकथा म्हणजे पोरासोरांचे वाचन, असे ठरवून आपल्या समीक्षेने या प्रकाराकडे पाठ फिरवली आहे. पण नायक कसा दिसतो हे लाखो मुले ज्या कागदावर शिकतात, तो कागद निरुपद्रवी असू शकत नाही. अचाट शक्तीचा, दुर्बळांच्या मदतीला धावणारा ‘सुपरहिरो’ १९३८ साली सुपरमॅनच्या रूपाने अमेरिकेत अवतरला आणि पुढे जवळजवळ तीन दशके गोराच राहिला. काळा माणूस त्या चौकटीत येई तो नोकर, विदूषक किंवा रानटी म्हणून. त्या चौकटीत काळ्या नायकाचे शरीर माणसाचे शरीर म्हणून रेखाटणाऱ्यांत न्यूयॉर्कचा कृष्णवर्णीय चित्रकार बिली ग्रॅहम (जन्म १९३५) याचे स्थान मोठे आहे. दलित साहित्याच्या संदर्भात आपण सतत विचारत आलो तोच प्रश्न त्याच्या कामापुढेही उभा राहतो : शोषिताचे चित्र कोणाच्या हातून उतरते, याने फरक पडतो का? जन्म महत्त्वाचा की जाणीव?

आधी पार्श्वभूमी पाहू. अमेरिकेतील मोठ्या प्रकाशनांतला पहिला काळा सुपरहिरो ‘ब्लॅक पँथर’ जुलै १९६६ च्या ‘फँटॅस्टिक फोर’च्या ५२ व्या अंकात आला. त्याचे निर्माते स्टॅन ली आणि जॅक कर्बी, दोघेही गोरे ज्यू. कर्बीने आधी काढलेल्या मुखपृष्ठावर अर्ध्या मुखवट्याखालून नायकाचा काळा चेहरा दिसत होता. प्रत्यक्षात छापले गेले ते चेहरा पुरता झाकलेले चित्र. नायक काळा चालेल, पण त्याचा काळेपणा दुकानाच्या फळीवर दिसता कामा नये, हा व्यापाऱ्याचा हिशेब त्या एका मुखवट्यात उघडा पडतो.

त्याच वर्षी ऑक्टोबरात ऑकलंडमध्ये ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष स्थापन केला. त्या पक्षाच्या नावाशी आपले नाव जोडले जाऊ नये म्हणून फेब्रुवारी १९७२ च्या अंकात मार्व्हल कंपनीने आपल्या नायकाचे नाव काही काळापुरते ‘ब्लॅक लेपर्ड’ करून पाहिले. आणि त्याच १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आदी तरुणांनी दलित पँथर उभी केली, ती ऑकलंडच्या पँथरांपासून प्रेरणा घेऊन. ज्या नावाची भांडवलदाराला धास्ती वाटली, ते नाव इकडे झोपडपट्टीतील तरुणाने छातीवर मिरवले.

त्याच वर्षी ग्रॅहम मार्व्हलच्या ‘ल्यूक केज, हिरो फॉर हायर’ या मालिकेत आला. स्वतःच्या नावाची मालिका मिळालेला हा पहिला काळा सुपरहिरो. ‘शाफ्ट’सारखे काळ्या नायकांचे चित्रपट चालू लागले होते, म्हणून कंपनीला तो हवा होता. लेखक गोरा, पेन्सिलीने चित्रे काढणारा जॉर्ज टस्काही गोरा. त्या रेषांवर शाई चढवली ग्रॅहमने, आणि पुढच्या काही अंकांत पेन्सिलही त्याच्याच हाती आली. कथा अशी : खोट्या आरोपाखाली तुरुंगात गेलेल्या एका काळ्या माणसावर वैद्यकीय प्रयोग केला जातो, त्याची कातडी पोलादासारखी होते आणि बाहेर पडून तो पैसे घेऊन लोकांची कामे करू लागतो. पहिल्या अंकावर जून १९७२ छापले आहे. त्यानंतर लवकरच, जुलैच्या अखेरीस, टस्कीगी येथील प्रकरण वृत्तपत्रांतून फुटले. गुप्तरोगाने ग्रस्त ३९९ काळ्या माणसांना सरकारी डॉक्टरांनी १९३२ पासून उपचाराविना झुलवत ठेवले होते. कल्पित प्रयोगातून काळ्याला पोलादी कातडी मिळते. खऱ्या प्रयोगातून मिळाला मृत्यू. सुपरहिरोची सारी मर्यादा या फरकात आहे.

ग्रॅहमचे खरे काम मात्र ‘जंगल ॲक्शन’ या मालिकेत आहे. हे नावच वसाहतवादी! तीत आधी जंगलावर राज्य करणाऱ्या गोऱ्या वीर-वीरांगनांच्या जुन्या कथा पुन्हा छापल्या जात. डॉन मॅकग्रेगर या गोऱ्या लेखकाला त्या खटकल्या आणि १९७३ पासून त्याच मासिकात त्याने ब्लॅक पँथरची ‘पँथर्स रेज’ ही दीर्घ कथा लिहिली. घडते आफ्रिकेत, तर पात्रेही आफ्रिकनच असतील, हा त्याचा आग्रह. रिच बकलर आणि गिल केन यांच्यानंतर चित्रे ग्रॅहमकडे आली.

येथे रेषेचा फरक जाणवू लागतो. सुपरहिरोचे शरीर एरवी न दुखणारे असते. मार खाऊनही त्याच्या कपड्याची घडी मोडत नाही. ग्रॅहमचा पँथर फाटतो. लांडग्यांशी झुंजताना तो बर्फात रक्ताळतो, काट्यांत अडकवला जातो, थकतो, धापा टाकतो. स्नायू पिळदार आहेत, पण त्यांना वेदना आहे. भोवतालच्या स्त्रिया, म्हातारे, मुले यांचे चेहरे एका छापाचे नाहीत. आणि शेवट पाहा : राजाविरुद्ध बंड करणाऱ्या किलमाँगरला अखेर राजा संपवत नाही, कांतू नावाचे एक सामान्य पोर त्याला कड्यावरून ढकलते.

पुढची कथा १९७६ ची, आणि ती थेट अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात घडते. समोर आहे कू क्लक्स क्लॅन. २२ व्या अंकात मोनिका लिन या तरुणीला तिची आई यादवी युद्धानंतरच्या काळातील एका पूर्वजाची हकीकत सांगते. ऐकता ऐकता मोनिका कल्पना करते की त्या रात्री पँथर तेथे होता आणि त्याने क्लॅनला धूळ चारली. पण आईची हकीकत संपते ती त्या माणसाच्या फाशीने. एकाच अंकात दोन्ही चित्रे आहेत : मनाला हवा असलेला तारणहार आणि प्रत्यक्षात लटकलेले प्रेत. सुपरहिरोच्या चित्रकथेने स्वतःचीच घेतलेली इतकी कठोर झडती मला दुसरी माहीत नाही.

तेव्हा जन्म की जाणीव? मॅकग्रेगरकडे जाणीव होती, आणि ती नाकारणे अन्यायाचे होईल. पण जखम नेमकी कोठे बसते, हे दाखवायला ग्रॅहमचा हात लागला. जाणीव दुसऱ्याची बाजू घेऊ शकते. अनुभव त्या बाजूला शरीर देतो. दलित साहित्यालाही यापेक्षा वेगळे म्हणायचे नाही.

परंतु हात आपला असला तरी कागद मालकाचा होता. पानाच्या दराने काम, पात्रे कंपनीची. नोव्हेंबर १९७६ च्या अंकानंतर मालिका बंद झाली, क्लॅनची कथा अर्धीच राहिली, आणि पुढे ती दुसऱ्यांच्या हातून गुंडाळली गेली. २०१८ च्या ‘ब्लॅक पँथर’ चित्रपटाने किलमाँगर आणि धबधब्यावरची ती झुंज याच कथेतून उचलली, जगभरातून १.३ अब्ज डॉलरहून अधिक गल्ला जमवला. तेव्हा ग्रॅहम हयात नव्हता. शिवाय नायक राजाच राहिला. वंचितांचा मुक्तिदाता सिंहासनावरून यावा, यात मुक्तीपेक्षा भक्तीच अधिक. राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. तो चित्रातल्या नायकांनाही लागू आहे.

म्हणून ग्रॅहमकडून घ्यायचे ते त्याच्या नायकाचे बळ नव्हे. त्या नायकाच्या अंगावर त्याने काढलेली जखम घ्यावी, आणि कड्यावरचे ते पोर घ्यावे. ज्याचे नाव कोणत्याही मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत छापले गेले नाही, अशा त्या पोराच्या हातूनच कथा निकालात निघाली.