आधी मागची, मग आतली

लॅपटॉपच्या जाहिरातीत दोन आकडे हमखास शेजारी शेजारी छापलेले असतात: वजन किती आणि बॅटरी किती तास. या दोन आकड्यांचं मुळातच वाकडं आहे. तास वाढवायचे तर सेल वाढवावे लागतात आणि सेल वाढले की ग्रॅम वाढतात. त्यामुळे ‘हलका आणि दिवसभर चालणारा’ असं कुणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, मग तडजोड कुठे केलीत? पडदा मंद केला, कीबोर्ड चपटा केला, की दुरुस्तीची वाट बंद केली? कुठेतरी केलेली असतेच. बहुतेक कंपन्या ती चकचकीत झाकणाखाली लपवतात. एका यंत्रानं मात्र ती सरळ मालकाच्या हातात ठेवली आणि म्हणूनच मला ते यंत्र वाचत बसावंसं वाटतं. ते म्हणजे लेनोवोचा २०१५ सालचा थिंकपॅड एक्स २५०.

साडेबारा इंची पडदा, काळं मॅट अंग, जाडी दोन सेंटीमीटरच्या आसपास, लहान बॅटरी लावली तर वजन साधारण १.३ किलो. कंपन्या असे लॅपटॉप ठोक भावात घेतात, तीन-चार वर्षं ऑडिटर, विक्री अधिकारी, सल्लागार अशा फिरत्या मंडळींच्या खांद्याला अडकवतात आणि मुदत संपली की मोडीत काढतात. तिथून ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात येतात आणि विद्यार्थी, वकील, अनुवादक, माझ्यासारखे लिहिणारे त्यांना दुसरं आयुष्य देतात. म्हणजे हे यंत्र मुळात आपल्यासाठी केलेलंच नव्हतं. त्याचे गुण मोठ्या खरेदीदाराच्या हिशेबातून आलेत आणि आपल्या पदरात आयते पडलेत.

घराणं मोठं आहे. पहिला नावाजलेला थिंकपॅड, ७०० सी, आयबीएमनं १९९२मध्ये आणला. रूप रिचर्ड सॅपर या जर्मन डिझायनरचं. त्याचाच ‘टिझिओ’ हा टेबलदिवा १९७२चा. त्याच्या दोन्ही दांड्या प्रतिवजनांवर तोललेल्या असतात, बोट लावलं की हलतात आणि सोडल्या तिथे थांबतात. वजनाचा तोल हा या माणसाचा जुनाच ध्यास. यंत्राची हाडं जपानमधल्या यामातो प्रयोगशाळेची आणि तिथला कर्ता माणूस आरिमासा नाइतो. २००५मध्ये हा सगळा धंदा चिनी लेनोवोकडे गेला. तेव्हा भक्तमंडळींनी सुतक पाळलं, पण यामातोची माणसं कामावरच राहिली आणि वळण फारसं मोडलं नाही.

कीबोर्डावर फार रेंगाळत नाही, त्याचं कौतुक जगभर झालेलं आहे. पण मराठी टंकणाऱ्याला एक गंमत दिसते, ती सांगायलाच हवी. इन्स्क्रिप्ट या कळांच्या मांडणीत डाव्या हाताला मुख्यतः स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं असतात. थिंकपॅडची ती प्रसिद्ध लाल टोपी, म्हणजे बोटानं ढकलून बाण हलवायची रबरी गुंडी, नेमकी उकाराच्या आणि ‘प’च्या कळांमध्ये बसते. स्वरांच्या आणि व्यंजनांच्या अगदी शिवेवर! हे कुणी योजलेलं नाही, पण लिहिताना दोन्ही तर्जन्या तिच्या आजूबाजूलाच असतात आणि हात न उचलता बाण फिरतो. आधीच्या एक्स २४०मध्ये या गुंडीची तीन स्वतंत्र बटणं काढून टाकली होती. टचपॅडची सगळी पट्टीच दाबायची. लोकांनी इतक्या शिव्या घातल्या की एक्स २५०मध्ये बटणं मुकाट परत आली. वाचकांचं ऐकून सुधारलेली दुसरी आवृत्ती संगणकाच्या धंद्यात फार क्वचित निघते.

आता मुख्य गोष्ट. या यंत्राला दोन बॅटऱ्या आहेत. एक पोटात, २३ वॉट-अवरची, स्क्रू काढल्याशिवाय न दिसणारी. दुसरी मागच्या कडेला, बाहेरून खटकन बसणारी. मागच्या बॅटरीचे पुन्हा मुख्य प्रकार दोन: एक सपाट, पुन्हा २३चीच, दुसरी ७२ वॉट-अवरची, खाली फुगलेली. यंत्र चालू असतानाच मागची काढून दुसरी लावता येते, तेवढा वेळ आतली सांभाळून घेते. लेनोवोनं या व्यवस्थेला ‘पॉवर ब्रिज’ असं नाव दिलं होतं. एवढं सगळं माहितीपत्रकातही असतं. खरी खुबी क्रमात आहे.

यंत्र वीज खर्च करतं ती आधी मागच्या बॅटरीतली. ती जवळजवळ रिकामी झाली की मगच आतलीला हात लागतो. चार्जिंगला लावलं की उलटं, आधी आतली भरते आणि मग मागची. ज्या घरात नळाला दिवसाआड पाणी येतं तिथल्या बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही: वापरायचं पाणी पिंपातलं, पिण्याचा हंडा झाकून ठेवलेला, नळ आला की आधी हंडा भरायचा. खर्च व्हायची ती बदलता येणारी बॅटरी, राखायची ती न बदलता येणारी. हा क्रम उलटा असता तर सगळी योजना फुकट गेली असती. आतली आधी संपली असती आणि मागची काढताक्षणी पडदा काळा झाला असता. शिवाय जास्त झीज होते तीही मागचीचीच, म्हणजे जी बाजारातून आणून दहा सेकंदांत बदलता येते तिची. एवढा शहाणपणा यंत्राच्या पोटातल्या एका लहानशा प्रोग्रॅममध्ये आहे आणि वापरणाऱ्याला तो कधी जाणवतही नाही.

मोठी बॅटरी लावली की यंत्राचं रूप बिघडतं, हे मान्य. मागे खाली कुबड येतं. ते का येतं हे मात्र बघण्यासारखं आहे. त्या बॅटरीत सहा दंडगोल सेल असतात, १८६५० नावाचे. नावातच मापं आहेत: व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५. टॉर्चमध्ये हेच असतात, टेस्लाच्या मॉडेल एस गाडीत हेच हजारांनी भरले होते. एका सेलमध्ये साधारण १२ वॉट-अवर मावतात. सहा बारं बहात्तर. आता दोन सेंटीमीटर जाडीच्या अंगात, झाकण आणि पडदा वजा जाता, १८ मिलिमीटरची गोल नळकांडी कुठून मावणार? म्हणून ती खाली उतरवली. नव्या पातळ लॅपटॉपांनी गोल सेल सोडून चपट्या पिशवीसारखे सेल घेतले आणि प्रश्न सोडवला. एक्स २५०नं तो सोडवला नाही. गोल सेल स्वस्त आणि दणकट, तर राहू दे कुबड, हवं त्यानं लावावं.

आणि कुबडाचा एक फायदा होतो. यंत्राची मागची बाजू उचलली जाते, कीबोर्ड पुढे उतरता होतो आणि मनगटांना बरं वाटतं. तळाला हवा खेळते. वजनात दोनेकशे ग्रॅमची भर पडते, ती सगळी मागच्या बाजूला. मांडीवर ठेवलं की कुबड गुडघ्यांकडे येतं. बॅगेत घालताना मात्र ते दर वेळी अडतं. पातळ कप्पा असेल तर बसतच नाही.

हिशेब करून पाहू. लिहिणं, मेल, चार-पाच पानं उघडलेला ब्राउझर, पडदा मध्यम उजेडाचा, असं हलकं काम असेल तर हे यंत्र सहाएक वॉट खातं. २३ आणि ७२ मिळून ९५ वॉट-अवर, म्हणजे पंधरा तासांच्या पुढे. दोन्ही लहान बॅटऱ्या असतील तर ४६, म्हणजे साडेसात तास. कंपनी वीस तासांच्या गोष्टी करायची. त्या पडदा काजव्याएवढा ठेवणाऱ्यांसाठी. विमानात सोबत न्यायच्या लिथियम बॅटरीची नेहमीची मर्यादा १०० वॉट-अवर आहे आणि ती दर बॅटरीला मोजतात. त्यामुळे ७२ची एक जास्तीची बॅटरी हातातल्या बॅगेत खुशाल नेता येते. सामानात टाकायची नाही, एवढं पाळायचं.

दोष झाकून रसग्रहण करू नये. सर्वांत स्वस्त प्रकाराचा पडदा दळभद्री आहे. १३६६ बाय ७६८ ठिपके, जरा कोनातून पाहिलं की रंग उडतात, देवनागरीतली जोडाक्षरं लहान टाइपात चिकटून एक होतात. ‘ष्ट’ की ‘ष्ठ’ हे डोळे बारीक करून ठरवावं लागतं. फुल एचडी आयपीएस पडद्याचा प्रकार वेगळा मिळायचा, घ्यायचा तर तोच घ्यावा. मेमरीला एकच खाच. आवाज तर विचारूच नका, पंखा लागला की स्पीकर हरतो. पण तळाचं झाकण उघडायला घ्या: स्क्रू सैल होतात आणि झाकणातच अडकून राहतात, हरवत नाहीत. त्याआधी आतली बॅटरी सेटिंगमधून तात्पुरती बंद करायची सोय आहे. दुरुस्तीची संपूर्ण पुस्तिका कंपनी जगाला फुकट देते. उपकार म्हणून नव्हे, हजार यंत्रं घेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या दुरुस्तीवाल्याला ती लागते म्हणून. तरी उपयोग आपल्याला होतोच.

निव्वळ तासांच्या शर्यतीत हे यंत्र केव्हाच हरलं आहे. नोव्हेंबर २०२०मध्ये ॲपलनं एम वन चिपचा मॅकबुक एअर आणला. वजन १.२९ किलो, बॅटरी ४९.९ वॉट-अवर आणि नेटवर काम केलं तर पंधरा तासांचा दावा. म्हणजे एक्स २५०च्या कुबडासकटच्या साठ्यापैकी जेमतेम निम्म्या साठ्यात तेवढेच तास, कुबड नाही आणि पंखाही नाही. जे इथे सेल वाढवून साधलं ते तिथे खर्च कमी करून साधलं. अभियांत्रिकी म्हणून दुसरा मार्ग वरचढ आहे, त्यावर वाद नको.

पण बॅटरी पहिल्या दिवशी किती चालते एवढंच मोजून मूल्यमापन संपत नाही. चौथ्या वर्षी काय, हेही विचारायला हवं. लिथियमची बॅटरी वापराखेरीज आणखी दोन गोष्टींनी म्हातारी होते: उष्णता आणि सतत काठोकाठ भरलेलं राहणं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे, पारा पंचेचाळिसाला टेकलेला आणि लॅपटॉप दिवसभर चार्जरला, ही दोन्ही पापं एकदम घडतात. एक्स २५०मध्ये ऐंशी टक्क्यांवर भरणं थांबवायची सोय आहे. लिनक्सवर तर दोन्ही बॅटऱ्यांची मर्यादा वेगवेगळी ठेवता येते. एवढं करूनही मागची दमलीच, तर नवी आणा आणि बसवा. मॅकबुकची बॅटरी आत चिकटवलेली आहे, झाकणाचे स्क्रू खास पान्यानंच उघडतात, आणि ते काम बहुतेक जण दुकानात देऊन मोकळे होतात.

‘नवी आणा’ म्हणणं सोपं आहे, आणताना डोळे उघडे हवेत. बाजारात ‘ओरिजिनल’ असं छापलेल्या मागच्या बॅटऱ्यांचा सुळसुळाट आहे. त्यातल्या कित्येक ७२चं लेबल लावून निम्मंही धरत नाहीत. विंडोजला बॅटरीचा अहवाल मागितला की मूळ क्षमता आणि आता उरलेली क्षमता दोन्ही आकडे मिळतात, आतल्या-बाहेरच्या बॅटरीचे वेगवेगळे. दुकानात उभ्या उभ्या तो काढून बघावा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्यावा.

ही कल्पना टिकली नाही. एक्स २७०पर्यंत मागची बॅटरी राहिली आणि २०१८च्या एक्स २८०मध्ये गेली. त्याबरोबर मेमरीची खाचही गेली, सगळं पटावर डाखलेलं. यंत्र हलकं झालं, सडपातळ झालं, पुनरावलोकनांत शाबासक्या मिळाल्या. आता युरोपीय संघाचा २०२३चा बॅटरी नियम म्हणतो की १८ फेब्रुवारी २०२७पासून अशा उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला सहज मिळणाऱ्या साध्या हत्यारांनी काढता-घालता आली पाहिजे. चालू यंत्राची बदलता यावी, असं मात्र त्यात काही नाही. तेवढी अपेक्षा कायद्याकडून करूही नये.

एक्स २५०ला खरा फटका भलतीकडूनच बसला. त्यातला प्रोसेसर इंटेलच्या पाचव्या पिढीचा आणि विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. विंडोज १०ची नेहमीची साथ १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. बॅटरी बदलता येते, कीबोर्ड बदलता येतो, पडदासुद्धा बदलता येतो. प्रोसेसर डाखलेला आहे, तो बदलता येत नाही. म्हणून आज हे यंत्र घ्यायचं ते लिनक्स टाकायच्या तयारीनं. मराठी त्यावर उत्तम चालतं, इन्स्क्रिप्ट आयता असतो, फाँटची रडगाणी आता उरलेली नाहीत.

लिनक्सचं नावच नको असेल तर टी ४८० बघावा. २०१८चा, प्रोसेसर आठव्या पिढीचा असला की विंडोज ११ रीतसर चालतं. आणि पोटात एक, मागे एक असा दोन बॅटऱ्यांचा संसार मांडलेला त्या घराण्यातल्या शेवटच्यांपैकी तो एक. पडदा चौदा इंची. वजन एक्स २५०पेक्षा निदान पावशेर जास्त, आणि मोठी बॅटरी लावलीत तर त्याहून थोडं वर.