वाढणाऱ्या घराचा आराखडा

मुलाचे लग्न ठरले की डोंबिवली-कल्याणच्या दोन खोल्यांच्या घरात पहिली गदा येते ती बाल्कनीवर. जाळी बसते, काचा लागतात आणि बाल्कनीची खोली होते. कुटुंब वाढते, पण घर वाढत नाही, ही अडचण आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी कुटुंबांना ठाऊक आहे. नेमका याच अडचणीचा विचार करून ठाणे जिल्ह्यात, नवी मुंबईतील बेलापूर येथे, एक संपूर्ण वसाहत रचली गेली. तिचे मूल्यमापन करणे आम्हाला अगत्याचे वाटते.

'आर्टिस्ट्स व्हिलेज' या नावाने ओळखली जाणारी ही वसाहत चार्ल्स कोरिया (१९३०-२०१५) यांनी सिडकोसाठी १९८३ ते १९८६ या काळात साकारली. दादरचे साल्वेशन चर्च ज्यांनी पाहिले आहे, त्यांना मूळच्या गोवेकर घराण्यातील या वास्तुरचनाकाराची ओळख नव्याने करून द्यायला नको. खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना १९६० च्या दशकात मांडणाऱ्या तिघांपैकी ते एक. प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल हे अन्य दोघे.

वसाहतीची मांडणी वरकरणी साधी आहे. सुमारे ८ मीटर लांब व तेवढ्याच रुंद चौकाभोवती सात घरे बसवली आहेत. असे तीन समूह मिळून २१ घरांचा गट होतो आणि त्याच्या मधोमध १२ मीटरचा मोठा चौक येतो. प्रत्येक घर स्वतःच्या जमिनीवर स्वतंत्र उभे आहे. त्यामुळे खोली वाढवायची किंवा मजला चढवायचा, तर शेजाऱ्याच्या भिंतीला हात लावावा लागत नाही. उतरत्या छपरांचे हे साधे बांधकाम स्थानिक गवंड्याच्याही आवाक्यातले होते. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे. म्हणजे रहिवाशांच्या उत्पन्नात मोठी तफावत असली, तरी जमिनीच्या वाटणीत ती तेवढी उमटू दिलेली नाही. या वसाहतीचे खरे नावीन्य आम्हाला येथे दिसते. रचनाकाराने शेवटचा शब्द आपल्याकडे न ठेवता तो राहणाऱ्यावर सोपवला.

पुढे काय झाले? मूळची कौलारू घरे पुष्कळ ठिकाणी गेली आणि दोन-तीन मजली काँक्रीटची घरे उभी राहिली. काही जाणकार याबद्दल हळहळतात. आम्हाला मात्र हे सरसकट अपयश वाटत नाही. वाढण्यासाठीच रचलेले घर वाढले, तर तक्रार कशाची करावी?

तथापि एक उणीव नोंदविलीच पाहिजे. बैठ्या घरांच्या मापाने आखलेला चौक उंच भिंतींमध्ये आकसतो आणि दोन घरांमधली चिंचोळी मोकळी जागा अंधारते. एकाने चढविलेला मजला दुसऱ्याचा उजेड घेऊन जातो. घर कसे वाढावे, याची सोय या आराखड्याने चोख केली. सर्वांनी मिळून कोठे थांबावे, हे मात्र आराखडा सांगू शकला नाही. ते शेजाऱ्यांनी एकत्र बसून ठरवायचे असते. चौक अजून टिकून आहेत, त्यांत माणसे अजून भेटतात, एवढी जमेची बाजू कायम आहे.

आज ठाण्यात आणि डोंबिवलीत जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाच्या सभा भरत आहेत. तेथे पहिला प्रश्न असतो, किती चौरस फूट वाढवून मिळणार? तो गैर नाही. पण मुले कोठे खेळतील, संध्याकाळी म्हातारी माणसे कोठे बसतील, तळमजल्यावरच्या घरात ऊन येईल का, हेही त्याच सभेत विचारायला हवे. सही करण्यापूर्वी एखाद्या रविवारी ठाण्याहून गाडी पकडून बेलापूरचे हे चौक पाहून यावेत, अशी आमची वाचकांना विनंती आहे.