कोनाड्यात काय ठेवणार?

घरसजावटीवरचे लेखन समीक्षेच्या कक्षेत आणले पाहिजे, असे मला गेली काही वर्षे वाटत आले आहे. कथा-कवितेइतकेच तेही माणसाच्या मनात घराची प्रतिमा तयार करते. शिवाय त्या प्रतिमेपायी माणसे कर्ज काढतात. पिंपळगाव रेणुकाईसारख्या गावात बसून हा विषय सुचण्याचे कारण मात्र घरगुती आहे. आमचे आठ खणांचे माळवद पाडून तिथे स्लॅबचे घर बांधायचे ठरले आहे. पुण्यात असलेल्या मुलाने सजावटीचा आराखडा काढून घेतला आणि त्याबरोबर येत्या काळातली घरे कशी असतील याविषयीची चित्रे आणि टिपणेही पाठवली. ती मी सवयीने वहीत उतरवून घेतली. उतरवताना लक्षात आले, की यातली निम्मी यादी आमच्या पाडायच्या घरात आहेच.

भिंतीत कोनाडे, गोलसर कडा, चुन्याचा किंवा मातीसारखा दिसणारा गिलावा, जमिनीलगतची बैठक, तागाचे आणि वेताचे विणकाम, मोजकेच सामान. जपान आणि स्कँडिनेव्हिया यांचा सांधा जुळवून केलेला ‘जपांडी’ हा शब्दही त्यात होता. पँटोन ही रंगांचे प्रमाणीकरण करणारी कंपनी दरवर्षी एक रंग जाहीर करते. तिने 2025 साठी ‘मोका मूस’ नावाचा तपकिरी आणि 2026 साठी ‘क्लाउड डान्सर’ नावाचा पांढरा निवडला. तपकिरी खोलीचे चित्र आईला दाखवले तर ती म्हणाली, “हे तर आत्ताच सारवल्यावानी दिसतंय.”

इथे बहुतेक जण खूश होऊन थांबतात. आपलेच जुने जगाने स्वीकारले, असे म्हणतात. मला ते पटत नाही. परत आले आहे ते रूप. त्या रूपाला कारणीभूत असलेली भिंत परत आलेली नाही.

वस्तू कशी वाचावी याचा एक धडा मला फार पूर्वी मिळाला, तो इथे उपयोगी पडेल. भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन रचनाकार दांपत्य आपल्या देशात आले आणि 1958 साली त्यांनी एक अहवाल दिला. 1961 साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, तिच्यामागे हा अहवाल आहे. त्यात त्यांनी आपल्या साध्या लोट्याची थोरवी सांगितली आणि ती सांगताना प्रश्नांची रांग लावली. त्यात पाणी किती मावते, तो हातात धरायचा की कमरेवर घ्यायचा, भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा राहतो, आतून घासता येतो का, जमिनीवर ठेवताना आवाज कसा होतो, मोडीत काय किंमत येईल. दिसतो कसा, हा प्रश्न या सगळ्यांत मिसळून गेलेला आहे.

हेच प्रश्न कोनाड्याला विचारू. माळवदाची भिंत दगड-मातीची, दोन हातांहून जाड. एवढ्या जाडीत कोनाडा फुकट मिळतो. खोलीतली वीतभर जागाही तो खात नाही. देवळीत दिवा ठेवला की वाऱ्याने विझत नाही आणि लहान मुलाचा हातही पोचत नाही. दिव्याची काजळी कोनाड्याच्या माथ्यावर बसते, भिंतभर पसरत नाही. आमच्या चुलीजवळच्या कोनाड्यात काडेपेटी आणि मिठाचे मडके असे, कारण तिथे ओल येत नसे. ओसरीतल्या कोनाड्यात अडकित्ता, चंची आणि सोसायटीच्या पावत्या. धान्यासाठी बळद, कपड्यांसाठी वलणी, पागोटे-पिशवीसाठी खुंटी. कुणब्याच्या घरात सुटे लाकडी सामान म्हणाल तर बाज, पाट आणि फार तर एक पेटी. बाकीचे फर्निचर म्हणजे भिंतच.

आता आराखडा पाहा. नव्या घराला खांब-तुळयांचा सांगाडा. लाकडाची जागा सळईने घेतली आणि सळईचे कारखाने तर आमच्या जालन्यातच आहेत. सांगाड्यात भरायच्या आतल्या भिंती चार इंची. चार इंचात कोनाडा होत नाही. म्हणून सजावटकाराने प्लायवुडची पेटी करून ती भिंतीच्या पुढे आणली आहे, तिला कमान दिली आहे आणि वर लपवलेली दिव्याची पट्टी. म्हणजे हा कोनाडा भिंतीच्या आत नसून बाहेर आहे आणि खोलीची फूटभर जागा खातो आहे. चित्रात त्यात एक रिकामा मातीचा घडा दाखवला आहे. आईने विचारले, “कंदील तर राहिले नाहीत. मग यात ठेवणार काय?” इतकी नेमकी टीका मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही.

तरीही, माळवद वाचवा असे मी म्हणणार नाही. तुळया, त्यांवर लग, लगांवर किलचन आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. तो थर उन्हाळ्यात घर थंड ठेवतो हे खरे. पण दरवर्षी मृगाआधी वर माती चढवावी लागते आणि ती पाट्या आमच्या घरच्या बायांनी वाहिली आहे. आणि 30 सप्टेंबर 1993 ची पहाट मराठवाड्यात कोण विसरेल? किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे याच जाड भिंतींखाली आणि याच मातीच्या ओझ्याखाली गेली. आमच्या गावापासून किल्लारी दूर, पण त्यानंतर इकडेही लोक रात्री आढ्याकडे पाहत झोपू लागले. मातीच्या घराचे कौतुक करणाऱ्या एकाही टिपणात मला हे आढळले नाही.

दुसरी गोष्ट बैठकीची. जमिनीलगत बसणे हा येत्या काळाचा साधेपणा, असे टिपणे सांगतात. आमच्याकडे खाली बसणे साधे कधीच नव्हते. बाजेवर कोण बसणार, घोंगडीवर कोण, उंबऱ्याबाहेर कोण, हे ठरलेले असे. सासऱ्यादेखत सून बाजेवर टेकत नसे. काही माणसांना तर ओसरीची पायरीही नव्हती. ती अंगणात उकिडवी बसत, आणि मी ते लहानपणी पाहिले आहे. हा क्रम मोडण्यात आमच्या गावात सर्वांत मोठा वाटा कशाचा असेल, तर तो प्लास्टिकच्या खुर्चीचा. एकावर एक रचता येते, एका हाताने उचलता येते, मिरचीच्या बाजारात, लग्नात, दहाव्याला तीच. तिला पुढचा आणि मागचा मान नाही. माणूस आला की चळतीतून एक काढून पुढे सरकवायची. ती कुरूप आहे, उन्हात ठिसूळ होते, तडकली की पार्श्वभाग चिमटते. पण गेल्या काही दशकांतल्या ग्रामीण घराचा इतिहास लिहायचा तर पहिले प्रकरण तिच्यावर लिहावे लागेल, आणि दुसरे 1923 पासून गोदरेजने बनवलेल्या पोलादी कपाटावर. कारण कुठल्याही कंपनीचे असो, लेकीच्या संसारात दिलेल्या कपाटाला आजही ‘गोदरेज’च म्हणतात, आणि तिच्या हक्काची किल्ली लावायची जागा बहुधा तेवढीच असते. सजावटीच्या चित्रांत या दोन्ही वस्तू कुठेच नाहीत.

रूप आणि वापर यांची ही फारकत जगभर चालू आहे. चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी पियरे जानरे यांच्या देखरेखीखाली सागवान-वेताच्या खुर्च्या घडल्या. त्या भंगारात निघाल्या आणि आता परदेशी लिलावांत लाखांनी विकल्या जातात. आमच्या चौकटीचा भावही एका व्यापाऱ्याने लावून ठेवला आहे. खांब आणि तुळया तो फाड्याच्या दराने मागतो, कोरीव दाराचे वेगळे देतो. हे दार कुठे जाणार, असे विचारले तर म्हणाला, “हॉटेलात. त्याचं टेबल करतात, वरून काच टाकून.”

मुलाला मी फोनवर दोनच बदल सांगितले. प्लायवुडची पेटी काढ. आणि स्वयंपाकघराची बाहेरच्या बाजूची एक भिंत नऊ इंची घे, म्हणजे आतून पाच इंच खोल जागा निघेल. तो म्हणाला, “पाच इंचात काय मावणार, दादा?” आईच्या गोळ्या, चष्मा आणि मोबाइलचा चार्जर. मोजून पाहिले आहे. उंची किती ठेवायची ते तिला उभे करून ठरवू, असे गवंड्याला सांगितले आहे.